खाडीखात्याच्या आभारपत्रांची बखर

श्री. ज्या देवीने आधी पाणी केले, मग चिखल केला, आणि दोहोंचे मध्ये पाखरांस जेवू घातले, तिला नमस्कार असो. वाचणाराचे डोळे शाबूत राहोत. लिहिणारा दफ्तराचा कारकून आहे, त्याचे डोळे गेलेच आहेत, त्याची चिंता न करावी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी समुद्रकाठच्या एका राज्यात जे वर्तले आणि पुढील साली जे निस्तरावे लागले, ते यथामति लिहिले असे. राज्याचे नांव पुसो नये. नांव सांगितलियाने चाकरी जाते, आणि आम्हांस पेन्शनीस तीन वर्षे उरली आहेत.

तर त्या राज्यात खाडीखाते म्हणोन एक खाते होते. काम ऐसे की खाडी राखावी, काठची तिवरांची झाडे राखावी, हिवाळी पाखरे उतरतात त्यांची मोजदाद करावी आणि हुजुरास कळवावी. खात्याचे मुख्य साहेब खासे हस्तिदंती मनुष्य, अंगावर डाग नाही, पायाखाली चिखल कधी आला नाही. त्यांची एक रीत होती की कागदांचा ढीग समोर ठेविला की वरपासोन खालपर्यंत सह्या करीत जावे, वाचू नये, आणि मग चहा मागवावा. खात्याची दुसरी रीत ऐसी की काम करणारे मनुष्य पगारी न ठेवावे, हौशी ठेवावे, आणि सालअखेर त्यास आभारपत्र द्यावे. आभारपत्र मोठे देखणे, जाड कागद, सोनेरी काठ, मध्ये तिवराचे चित्र. ती पत्रे लिहिणे, त्यांवर शिक्का मारणे आणि आभाराचे गठ्ठ्यात नकल बांधणे, हे आमचे काम. बावीस वर्षे हेच केले. हात आपोआप चाले, डोके कुठे असे ते आम्हांसही ठाऊक नसे.

त्या खाडीवर भिवा तारी नामे होडीवाला होता, त्याची कन्या वृंदा. एकविसावे वर्षी पदवी घेवोन आली आणि आम्हांस बोलिली, "भाऊसाहेब, मला इथंच काम करायचंय. पाखरांचं, खाडीचं. जागा आहे का?" आम्ही बोलिलो की जागा निघेल, तोवर हौशी म्हणोन ये, अनुभव होईल. हे वाक्य आम्ही किती जणांस बोलिलो असू त्याची गणती नाही. मग ती आली, आणि येतच राहिली. ओहोटीस गुडघाभर चिखलात उभी राहोन चिखल्या मोजी, तुतवार मोजी, जी जी हिवाळी पाखरे उतरत ती सर्व मोजी, आणि मग भरती चढली की बापाचे होडीतून परत येई, आणि कोरडे कपडे घालोन दफ्तरात तक्ते भरी, आणि बाहेर गावाहून इंटर्नशिपीस म्हणोन जे उमेदवार येत त्यांस चिखलात पाय कसा टाकावा इथपासोन शिकवी. ऐसे अकरा जण तिने शिकविले. अकराही जण शहरोशहरी नोकरीस लागले, कोणी सिमेंटच्या कंपनीत शाश्वतता अधिकारी जाहला, कोणी परदेशी गेला, आणि सर्वांनी शिफारसपत्र तिचेच हातचे नेले. तिला शिफारस द्यावी ऐसा वरिष्ठ एकही टिकला नाही, दर दोन वर्षी बदली. ऐसे आठ हिवाळे गेले आणि तिजपाशी आठ आभारपत्रे जमली.

मग सदरहू मार्गशीर्षात, काय चमत्कार, जागा निघाली! सहायक खाडीरक्षक, एक पद, पगारी. जाहिरात आम्हीच लिहिली, म्हणजे दुसऱ्या खात्याची जुनी जाहिरात पुढे ठेवोन नांव बदलिले. अटी ऐशा की उमेदवार नवशिका असावा, वय तिसाचे आत असावे, आणि अनुभव दोन वर्षांचा असावा, त्यास शिक्क्याचे अनुभवपत्र जोडावे. नवशिका आणि अनुभवी एकच मनुष्य कैसा असावा हे आम्ही पुसिले नाही, कारण पुसणे आमचे कामात नाही. वृंदा धावत आली. वय एकोणतीस, अट बसत होती, पुढील श्रावणात तीस पुरी व्हायची होती. तिकडे भिवा तारी याने मुदत घातलेली. तो आम्हांसमोरच बोलिला, "वृंदे, आठ वर्षं झाली गो. चैत्रात पाखरं गेली की तू पण शहरात जा, मामानं जागा बघून ठेवलीय. मी काही तुला हाकलत नाही. पण माझे हात आता वल्ह्याला किती दिवस पुरणार?" ती बोलिली, "बाबा, ही जागा माझीच आहे. बघाच तुम्ही." आणि मग आम्हांकडे वळोन बोलिली, "भाऊसाहेब, माझ्याकडे अनुभवपत्र नाही, ही आभारपत्रंच आहेत. चालतील ना?"

आम्ही मोठे उदार होवोन बोलिलो, "आठही जोड. वरच लाव, साहेबांच्या डोळ्यांत भरतील. मी टिपण घालतो." तिने तैसेच केले. अर्ज खाली, आभारपत्रे वर, टाचणी लावोन आमचे हाती दिली आणि बोलिली, "तुमच्यावर सोडलं हां." आणि हसली. ते दिवशी आम्हांपुढे कागदांचे दोन ढीग होते, एक अर्जांचा, एक आभारांचा. कपाळ आमचे! वरचा सोनेरी काठ दिसला, आणि बावीस वर्षांचा हात, त्याने शिक्का उचलिला, मारिला, गठ्ठ्यात बांधिला, दोरीची गाठही आवळिली. टिपण घालावयाचे होते ते घरी जाताना एकदा आठवले, मग वाटले घातले असेल. मग रीतीप्रमाणे गठ्ठ्यातील नांवांची यादी निघाली, आणि पौषात वृंदा तारी हीस अर्जाचे उत्तराजागी नववे आभारपत्र गेले.

तिने ते उघडिले तेव्हां आम्ही तिथे नव्हतो. भिवाने मागाहून सांगितले की पोरगी होडीत बसून पत्राचा सोनेरी काठ नखाने खरवडत राहिली. जागा ओजस गाडे यास मिळाली. हा तिच्याच अकरातला एक, मनाने वाईट नव्हे, कंपनीत दोन वर्षे बसोन हिरवेपणाचे अहवाल लिहिले होते, त्याचे अनुभवपत्र होते, आणि शिफारस वृंदेची होती. फाल्गुन सरला, पाखरे उठली, आणि शके १९४७ विश्वावसु संवत्सर लागले तशी चैत्रात वृंदा शहरी गेली. तिथे रक्त तपासणाऱ्या एका दुकानात फोन उचलावयाचे काम पत्करिले. दिवसभर लोकांस सांगावे की उपाशीपोटी या. आम्हांस वाटले, सुटली बिचारी. आम्हांस तिचा अर्ज नामंजूर जाहला असेच वाटत होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

मग ज्येष्ठात पर्यावरण दिनाचा सोहळा आला आणि साहेबांची आज्ञा जाहली की तिवराची पाच हजार रोपे लावावी, हुजुरास फोटो पाठवावे. ओजस आमचे मेजापाशी येवोन बोलिला, "भाऊसाहेब, लावायची कुठे?" आम्ही बोलिलो, वृंदेस पूस. तो खाली बघत बोलिला, "ताईची जागा घेऊन बसलोय मी. कुठल्या तोंडाने फोन करू?" आणि मग त्याने खाडीचे मध्यावर जो उघडा चिखल दिसला तिथेच लावावी ऐसे ठरविले, रिकामी जागा दिसली म्हणोन. आठशे रोपे लागली, अहवालात पाच हजार छापिली गेली, गुरांनी खाऊ नये म्हणोन भोवती जाळ्याचे कुंपण घातले, शाळेची मुले आली, साहेब होडीतूनच हात हलवोन गेले. रोपे रुजली, ओजस आनंदला, आणि साहेबांस वरून शाबासकी आली.

पुढे कार्तिक आला. पाखरांचे दिवस. ओजस रोज वही घेवोन काठावर उभा राही आणि रोज शून्य लिही. भिवा तारी एके सकाळी दफ्तराचे पायरीवर येवोन बसला आणि बोलिला, "भाऊसाहेब, पाखरं आली होती. वरून तीन फेऱ्या मारल्या, जाळं बघितलं नि गेली. त्यांचं ताटच झाकलंत तुम्ही." आम्ही बोलिलो, आम्ही कारकून, आम्हांस काय कळे. तो बोलिला, "ते खरं," आणि उठोन गेला. ते बोलणे आम्हांस बहुत लागले. त्याच दिवशी शाळेच्या मुलांची पत्रे लिहावयाची राहिली होती म्हणोन जुना मसुदा शोधावयास आम्ही आभाराचा गठ्ठा सोडिला, आणि आठ सोनेरी पत्रांखाली टाचलेला तो अर्ज हाती आला. खुर्चीत बसोन पहिल्याने वाचिला. तिसरे पानावर तिचे सुबक अक्षरात लिहिले होते, "खाडीच्या मध्यावरचा उघडा चिखल उघडाच ठेवावा. तिथे तिवर लावू नये. हिवाळी पाखरं तिथंच जेवतात. तिवर लावायचं तर पूर्वेच्या बांधालगत लावावं, तिथलं गेल्या पुरात वाहून गेलेलं आहे." सर्व काही लिहिले होते. वर्षभर आमचे पाठीमागील कपाटात होते.

मग आम्ही तिला फोन लाविला. ती सवयीने बोलिली, "नमस्कार, तपासणी उपाशीपोटी करायची आहे का?" आम्ही नांव सांगितले आणि जे जाहले ते एका दमात सांगितले, नाहीतर सांगवले नसते. ती बोलिली, "म्हणजे नाकारला नव्हता? वाचलाच नव्हता?" आम्ही बोलिलो, नाही. ती बोलिली, "भाऊसाहेब, दहा महिने मी रोज विचार करतेय, माझं काय चुकलं. मुलाखतीलाही बोलावू नये इतकं काय चुकलं." शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती बोलिली, "रोपं किती उंचीची झाली? जाळं कुणाचं आहे, सुती की नायलॉन? रविवारी ओहोटी किती वाजता आहे ते बाबांना विचारून ठेवा. मला रविवारचीच सुटी असते."

तेव्हां आयुष्यात पहिल्याने आम्ही आपले डोक्याने दोन कागद लिहिले. एक, रोपांचे पूर्वेच्या बांधालगत स्थलांतर करणे याची आज्ञा. दुसरा, वृंदा भिवा तारी हिने सदरहू खात्यात आठ वर्षे पाहणी, गणना आणि प्रशिक्षण ही कामे केली असत, ऐसे अनुभवपत्र. दोन्ही ढिगाचे मध्ये सारिले. साहेबांनी वरपासोन खालपर्यंत सह्या केल्या आणि चहा मागविला. आणि खात्यात दुसरे सहायकपद निघत होते, त्याचीही जाहिरात आम्हीच त्याच आठवड्यात लिहून छापावयास दिली होती. मनात म्हटले, झाले, आता फेडू.

रविवारी ती आली. भिवाची होडी, ओजस, ती आणि काठची चार माणसे. ओजस होडीत तिच्याकडे न बघता बोलिला, "ताई, सॉरी." ती बोलिली, "सॉरी नंतर. आधी कुंपण काढ, नि मुळासकट उचल, ओढू नकोस, जीव आहे त्यात." मग दोन ओहोटींत, दोन रविवार मिळोन, आठशेपैकी जितकी जगली ती रोपे बांधास नेवोन लाविली. दुसरे रविवारी आम्हीही विजार गुडघ्यावर घेवोन चिखलात उतरलो, बावीस वर्षांत पहिली वेळ, आणि दोनदा बसलो. काठच्या माणसांनी पोटभर हसोन घेतले. मग तिच्यापाशी जावोन अनुभवपत्र पुढे केले आणि बोलिलो, "घे. शिक्का आहे, सही आहे. नवी जागा निघालीय, उद्याच अर्ज कर. या खेपेस मी स्वतः हातात नेऊन देईन."

तिने हात चिखलाचे होते म्हणोन कागद धरिला नाही, आम्हीच धरोन ठेविला आणि तिने वाचिला. दोनदा वाचिला. मग बोलिली, "आठ वर्षं लिहिलंत. बरं वाटलं." आणि मग हसत बोलिली, "भाऊसाहेब, जाहिरात तुम्हीच लिहिता ना? वयाची अट काय घातलीत?"

आम्ही बोलिलो, नेहमीचीच. तिसाचे आत.

ती बोलिली, "श्रावणात तीस पुरी झाली मला."

तिने तो कागद आमचेकडून बापास द्यावयास लाविला, बोलिली, "बाबा, टोपीखाली ठेवा, भिजवू नका." मग वळोन ओजसास ओरडली, "अरे, उभा काय राहिलास? मागे बघ, उतरलेत!" आम्ही पाहिले, तो जिथले जाळे काढिले होते तिथे थोडकी पाखरे उतरोन चिखलात चोची घालीत होती. ओजस मोजू लागला, चुकला, आणि तिने पुन्हा मोजावयास लाविले. एकवीस चिखल्या पाखरे भरली. मग भरती लागली, आणि सोमवारी कामावर जाणे म्हणोन ती संध्याकाळचे यष्टीने शहरी गेली.

तात्पर्य. चिखल मोकळा जाहला, पाखरे आली, पद ओजसाकडे आहे, दुसरे पदही तिसाचे आतील कोणास मिळेल, आणि खाडी जिला ठाऊक ती फोन उचलते. साहेबांस पाखरांचा फोटो बहुत आवडला. त्यांची आज्ञा जाहली आहे की रविवारी जी कोणी हौशी बाई येवोन गेली, तिला खात्याचे वतीने आभारपत्र द्यावे. कोरा कागद, सोनेरी काठाचा, चार दिवस मेजावर पडला आहे. नऊ लिहिली, हे दहावे हातून लिहवत नाही. बखर समाप्त.