बावन्न नंबरच्या गाडीतले साहेब

रविवारी दुपारी चार वाजता, मोरखिंडच्या ओव्हल ट्रॅकवर रेस चालू असताना, क्रीडा अधिकारी श्रीरंग हसबनीस गॅलरीतल्या सोफ्यावरून नाहीसे झाले आणि बावन्न नंबरच्या गाडीत, स्टेअरिंगवर आढळले. गाडी तेव्हा ताशी एकशे साठच्या वेगात वळण घेत होती. त्या गाडीची चालक पद्मजा कुंभोजे त्याच क्षणी सोफ्यावर येऊन बसली. तिच्या हातात साहेबांची कपबशी होती, साहेबांच्या डोक्यावर तिचं हेल्मेट. चहा सांडला नव्हता.

झालं ते नियमाप्रमाणेच. दुसऱ्याचं काम डोळ्यांसमोर चालू असताना जो मोठ्यानं "त्यात काय एवढं?" म्हणेल, त्याला ते काम तत्क्षणी मिळतं आणि काम करणारा त्याच्या जागी जातो. मोरखिंडमध्ये हे पूर्वीपासून आहे. आमच्या शेजारचे बँक मॅनेजर दिवाळीपासून भाकऱ्या थापताहेत. त्यांच्या पत्नी बँक चालवतात आणि खातेदारांची तक्रार नाही. लोक बोलताना जपतात, एवढंच.

हसबनीसांनी जपलं नाही. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. ते म्हणाले, "सगळी वळणं डावीकडंच. एकदा स्टेअरिंग वळवून धरलं की झालं. त्यात काय एवढं?"

माझं भांडण नियमाशी नाही, या वाक्याशी आहे. बातमीदारीत केस पांढरे झाले, पण हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं. गवयाला कुणी म्हणत नाही की सात तर सूर, फिरून फिरून तेच. पण पुढच्या गाडीच्या मागे हातभर अंतर ठेवून, तिच्या वाऱ्यात आपली पुढची चाकं हलकी होत असताना, उजवीकडच्या भिंतीला न शिवता वळण काढणाऱ्या बाईला कुणीही उठून शहाणपण शिकवतं.

त्यातून साहेब आणि त्यांच्या मागं बसलेली समिती काही मजा बघायला आली नव्हती. ट्रॅक ठेवायचा की मोडून मंगल कार्यालयासाठी द्यायचा, याचा निर्णय हसबनीसांच्या हातात होता. या खेळात कौशल्य नाही, त्यात काय एवढं, असं त्यांच्या समितीनं महिन्यापूर्वीच एकमतानं ठरवून टाकलं होतं. बंद खोलीत, समोर एकही गाडी नसताना. रविवारी उरला होता फक्त पाहणीचा उपचार.

लाल झेंडा फडकला. बाकीच्या गाड्या आत आल्या. बावन्न नंबर फिरतच राहिली, कारण भीतीनं माणसाचा पाय जड होतो आणि साहेबांचा पाय गॅसवर होता.

"कुंभोजेबाई," सहायक अधिकारी मगदूम ओरडले आणि लगेच वरमले. ती आता सोफ्यावर होती, म्हणजे त्यांची वरिष्ठ होती. "मॅडम, विनंती आहे. तेवढं वाक्य आपण म्हणा. साहेब वर येतील, आपण आपल्या गाडीत."

"कुठलं वाक्य?"

"तेच की. त्यात का..." मगदूमांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

"माझ्या कामाला मी असं म्हणू? ट्रॅक मोडायला तेवढंच हवंय तुम्हाला."

"तोंडदेखलं म्हणायचं, मॅडम. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग तुम्ही म्हणा की! तुम्ही गाडीत जाल, साहेब तुमच्या खुर्चीत येतील. वाचले का नाही?"

"मला शुगर आहे, मॅडम."

"मग मागचं कुणी म्हणू दे. अख्खी समिती बसलीय."

अख्खी समिती वर पत्र्याकडे बघत होती.

उजवीकडच्या पुढच्या टायरमधून धूर यायला लागला. पद्मजानं कपबशी मगदूमांच्या हातात दिली आणि निवेदकाचा माइक ओढून घेतला. तो चालकांच्या हेल्मेटमध्ये ऐकू येतो आणि त्यांचं बोलणं भोंग्यावर येतं.

"हसबनीस, ऐकू येतंय का?"

"आई गं!" भोंगा म्हणाला.

"आईला नंतर बोलवा. गॅसवरचा पाय सैल करा. एकदम नाही! एकदम सोडलात तर गाडीचा मागचा भाग पुढं येईल. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. हां."

"भिंत येतीय बाई, भिंत!"

"भिंत कुठं जात नाही. तिच्याकडं बघू नका, बघाल तिकडं गाडी जाते. डावीकडच्या गवताकडं बघा."

"ब्रेक मारू?"

"वळणात मारलात तर उद्या पेपरात फोटो येईल. पत्रकार इथंच बसलाय. सरळ पट्टीवर या, मग मी सांगते."

साहेबांनी वळणातच ब्रेक मारला. गाडी आडवी झाली, मागचा बंपर भिंतीला घासला, ठिणग्या उडाल्या. पद्मजाचे दोन्ही हात हवेत उजवीकडे फिरले. "उजवीकडं! स्टेअरिंग उजवीकडं! आता सोडा!" गाडी सरळ झाली. म्हणजे ज्या खेळात फक्त डावीकडं वळायचं असतं, त्यात साहेबांचा जीव वाचला तो उजवीकडं वळून. समितीनं याची नोंद घ्यावी.

गाडी गवतात जाऊन थांबली. हसबनीस खिडकीतून बाहेर आले आणि गुडघ्यांवर बसून हेल्मेटमध्येच ओकले.

बदली कायम राहिली. कुणी ते वाक्य म्हटलं नाही, तर दुसरं काय होणार? दुसऱ्या चालकांची रेस पुन्हा सुरू झाली. गाड्या वेगात आल्या, तशी पद्मजा समितीकडे वळून उभी राहिली. "ट्रॅकचा निर्णय आता माझ्याकडं आहे. काम डोळ्यांसमोर चालू आहे. ज्यांना यात कौशल्य दिसत नाही, त्यांनी मोठ्यानं सांगावं. मी ऐकते."

एक फेरी झाली. दुसरी झाली. समितीतल्या प्रत्येकानं रुमाल काढून तोंडावर धरला.

ट्रॅक राहिला. पद्मजा कार्यालयात बसते आणि खिडकी उघडी ठेवते, म्हणजे इंजिनांचा आवाज येतो. हसबनीस रोज सरावाला येतात. भिंत जवळ आली की अजून डोळे मिटतात.

मी समितीच्या प्रत्येक सभासदाला एकच प्रश्न विचारला आहे, समोरासमोर, नाव घेऊन: बंद खोलीत सगळ्यांनी जे एकमतानं म्हटलं होतं, ते साहेब मरायला टेकले असताना गॅलरीत एकानंही का म्हटलं नाही?