कोंडाबाई आणि माझी चावरी सुमन

माझं शिक्षण चौथी. अक्षर वेडंवाकडं आहे, वेलांट्या चुकतात, त्याची आधीच माफी मागते. पण आमच्या गावच्या बालवाडीच्या कोंडाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही बाई तीन-तीन वर्षांच्या पोरांना अहो-जाहो करायची. "अहो गणपतराव, नाक पुसा." आणि गणपतराव खरंच नाक पुसायचे!

दुसरं वेड म्हणजे, कसलाही प्रश्न आला की पोरांनाच म्हणायचं, "तुमी ठरवा." एकदा पोरांनी ठरवलं, आज बालवाडी नको. यांनी कुलूप लावलं आणि घरी जाऊन बसल्या. एका पंधरा ऑगस्टला सरपंचांच्या नातवाला विचारलं, चड्डी घालायची का न्हाई? त्यानं ठरवलं, न्हाई. झेंड्यापुढं सगळा गाव उभा, आणि पहिल्या रांगेत हा तसाच सलामी देतोय! सरपंच लालबुंद झाले. कोंडाबाई शांतपणे म्हणाल्या, "थंडी वाजली की घालतील ते." मला तर पदर तोंडात कोंबावा लागला.

पण माझ्यावर आलं तेव्हा हसू आटलं. मला मुलगा झाला, आणि महिनाभरात माझी चार वर्षांची सुमन चावायला लागली. पोरांना नाही, मोठ्या बायांना! शेजारची चंद्रकला आमचं पाखडायचं सूप परत द्यायला आली, तिच्या मनगटाला चावली. मग चुलत जावेला. मग म्हशीसाठी कोंडा घेऊन आलेल्या पलीकडच्या आत्याला, तेही रक्त निघेपर्यंत. मारून पाहिलं, उपाशी ठेवलं. पोरगी डोळे वटारून गप्प.

सासूबाई म्हणाल्या, "हिच्या व्हटाला बिब्ब्याचा चटका द्या. तवाच खोड जाईल."

आमच्याकडं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्याच्या गरम तेलाचा चटका देतात. डाग जन्माचा राहतो. सुमनचे वडील कापूस घेऊन सेलूला गेलेले. विद्यापीठाच्या नामांतरावरून गडबड झाली, गाड्या बंद झाल्या, ते तिकडंच अडकले. सासूबाईंपुढं माझं तोंड उघडत नाही. मी मागच्या दारानं पळत गेले आणि वाटेत सगळं सांगत कोंडाबाईंना घेऊन आले.

तोवर दिवा लावून झाला होता. बिब्बा सुईला टोचलेला होता. मला वाटलं, कोंडाबाई भांडतील. पण त्या सुमनसमोर फतकल मारून बसल्या.

"अहो सुमनबाई, चंद्रकलाबाईच्या हातात काय व्हतं?"

"सूप."

"आन् काकूच्या?"

"सूप."

"आत्याच्या?"

"सूपच. कोंडा व्हता त्यात."

सासूबाई खेकसल्या, "सुपाला भेती का काय ही?"

सुमनचा ओठ थरथरायला लागला. "आजी म्हनली, तुला सुपभर कोंडा देऊन घेतलंय. आता बाळ आलंय. ह्या बाया कोंडा परत द्यायल्यात. मग मला घेऊन जातील."

असं आम्ही सगळेच पोरांना चिडवतो. मलाही लहानपणी चिडवायचे. माझी पोरगी घरात राहायला मिळावं म्हणून लढत होती, आणि आम्ही तिचा ओठ जाळायला निघालो होतो!

"मस्करी व्हती ती," सासूबाई पुटपुटल्या.

"तुमची मस्करी असंल. माझं खरंच केलं व्हतं," कोंडाबाई म्हणाल्या. "माझ्या आधीची पाच लेकरं गेली. मी तरी जगावी म्हनून मायनं मला सुईणीच्या सुपात टाकलं, आन् कोंडा देऊन परत घेतलं. म्हनून कोंडाबाई. पर ते नावापुरतं असतंय, हे मला कुनी सांगितलंच न्हाई. मी इकत आनलेली, असंच धरून बसले. मायजवळ कधी निजले न्हाई. तिनं हात पुढं केला की लांब सरकायचे. मग मायच्या तेराव्याला त्याच सुईणीनं मला सगळं सांगितलं."

कोंडाबाईंनी फुंकर मारून दिवा विझवला.

"सुमनबाई, आता चावायचं का न्हाई, तुमी ठरवा."

सुमननं बराच विचार केला. "आजीला एकदा. मग न्हाई."

मी हादरलेच. आता पोरीच्या कानफटात बसणार! पण सासूबाईंनी सुई खाली ठेवली, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केला. सुमन चावली. चांगलीच चावली. "माय गं!" म्हणून सासूबाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच तिला उचलून मांडीवर घेतलं.

"कोन न्हेतंय गं तुला? कुनाची हिंमत हाय?"

मी चहा केला. कोंडाबाई उंबऱ्यावर जाऊन बसल्या होत्या आणि आजीच्या मांडीवरच्या सुमनकडं बघत होत्या. मी कप पुढं धरला. कितीतरी वेळ धरून उभी राहिले, पण त्यांना काही दिसलंच नाही.