रंग मना दिसतो, सभाव सांग

हिराजीकाका माशांच्या दुकानात गेले की मासे बघत नाहीत, चौकशी करतात. काचेमागच्या माशाकडे चक्क पाठ करून उभे राहतात आणि दुकानदाराला म्हणतात, "रंग मना दिसतो. सभाव सांग."

आमच्या कळव्याच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या समोरच्या दारात. इमारत उभी आहे तीच मुळी त्यांच्या जमिनीवर. वडील खाडीकाठच्या मिठागरात राबले, काकांनीही तरुणपणी तिथे मीठ ओढलं. पुढे जमिनीला भाव आला आणि काका पांढरा लेंगा-सदरा घालून गॅलरीत बसायला लागले. अशा माणसाने एक दिवस जाहीर केलं, की मी घरात समुद्राचे मासे पाळणार.

इमारतभर हसू पसरलं. कारण त्यांच्या घरी आजवर मासा आला तो फक्त टोपात जायला. पुतण्या म्हणाला, "काका, पालून झाला का मंग कापनार?"

"आदी तुला कापीन," काका म्हणाले आणि काचेची पेटी घेऊन आले. लहानशीच, जेमतेम दोन हात लांब.

मग आलं मीठ. समुद्राच्या माशांना समुद्राचं पाणी लागतं, ते घरी बनवायचं तर गाळलेल्या पाण्यात खास परदेशी मीठ कालवावं लागतं. तो डबा उघडून काका बराच वेळ बघत बसले. "माजा बाप पान्याचं मीठ करायचा," ते मला म्हणाले, "नी मी मिठाचं पानी करतंय. वरून बगत असंल तं कपाल बडवत असंल."

"पण काका, खाडी तर हाकेवर आहे. तिथलं पाणी का नाही आणत?"

"त्या पान्यान मी पाय घालीत नाय. मासा कसा घालू?"

पुढचे कित्येक दिवस पेटीत नुसतं पाणी आणि दगड. लोक मुद्दाम बघायला यायचे, वाकून शोधायचे आणि विचारायचे, मासे कुठेत? काका शांतपणे सांगायचे, "पानी पिकतंय." दगडांवर चांगले जंतू वाढले की मगच ते पाणी माशांची घाण पचवतं, हे त्यांनी दुकानदाराकडून नीट समजून घेतलं होतं. त्यात घाई करायला ते तयार नव्हते.

मी ठाण्यात शाळेत शिकवते. शनिवारी शाळा लवकर सुटते. काका रिक्षाने यायचे आणि मला दुकानात घेऊन जायचे. "मास्तरीनबाय, तू फोनवरचं इंग्लिश वाच, बाकी मी बगतो." दुकानदार केतन पहिल्या शनिवारी फार उत्साहात होता.

"हा घ्या काका, निळा. सगळी पोरं हाच मागतात."

"मोठा केवडा होल?"

"होईल... फूटभर."

"म्हंजे वलायला गेला का शेपटी काचेला. नको."

"मग हा. छोटाच राहतो."

"सभाव?"

केतनने मान खाजवली. "थोडा तिखट आहे. नव्या माशांना मारतो."

"तसले आमच्या भावकीन हायेत. फुडचा."

पुढच्या माशाला बघून मात्र मीच विरघळले. पैठणीच्या पदरासारखा रंग! मी लगेच फोनवर वाचायला घेतलं. तो फक्त बारीक जिवंत किडे खातो, आणि लहान पेटीत ते पुरेसे होत नाहीत म्हणून हळूहळू खंगतो, असं होतं. मी ते मराठीत सांगितलं तसे काका एकदम दोन पावलं मागे सरले.

"डोल्यासमोर झुरनारा नको," ते म्हणाले. "नको म्हंजे नको."

त्यानंतर काकांनी केतनला उभं-आडवं घेतलं. दिवसा बाहेर फिरतो का? समोर येतो का? का दगडामागे तोंड लपवून बसतो? जगतो किती वर्षं? शेवटी केतन म्हणाला, "काका, मासा घेताय का जावई?"

त्या दिवशी आम्ही मोकळ्या हाताने निघालो. रिक्षा खाडीपुलावर आली तेव्हा मी विचारलं, "एवढ्या अटी कशाला, काका?"

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "जनासाठी."

जनाकाकी म्हणजे त्यांची बायको. पूर्वी काकी चौथ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करायची आणि भाजीवाला खालून हात जोडायचा. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द तोंडाशी येऊन अडतो. वस्तू दाखवून नावं म्हणायचा सराव करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चित्रांचे पत्ते आणले, ते तिने डाव्या हाताने उधळून दिले. तेव्हापासून ती दिवसभर खुर्चीत भिंतीकडे बघत बसायची.

"शिकवाला गेलं का तोंड फिरवते," काका म्हणाले. "म्हनून सांगितलं, माजी हौस हाय. मी कसली हौस केली नी ती गप बसली, असं जल्मात झालं नाय."

पुढच्या शनिवारी मीच केतनला सरळ सांगून टाकलं. त्याने थट्टा सोडली आणि एका पेटीपुढे आम्हाला उभं केलं. वाळूवर एक पिवळा मासा बसला होता, जाड ओठांचा, कपाळाला आठी घातल्यासारखा. "हा गोबी."

"भाजी नको रे, मासा दाव."

"हाच मासा, काका. बोटाएवढा राहतो, कोणाच्या वाटेला जात नाही, दिवसा समोर येऊन बसतो. आणि हे दोन जोकर, नारिंगी. पेटीतच जन्मलेले, काटक असतात, दिवसभर समोर नाचतात. गोबीला आधी सोडा. जोकर एकदा बसले की जागेवर हक्क सांगतात."

"बराबर हाय," काका म्हणाले. "गरिबाला आदी बसू दे."

गोबी घरी आला आणि थेट दगडाखाली घुसला. बरेच दिवस दिसेचना. काका पेटीपुढे पाटावर बसून त्याची विनवणी करायचे, "आरं, समोर येवाचं बोलला होता तुजा मालक." काकी भिंतीकडेच. काकांचं जेवण कमी झालं. एकदा मला हळूच म्हणाले, "मास्तरीनबाय, मासा चुकला का गो?"

मग जोकर आले. त्यांना बिनधास्त नाचताना बघून की काय, गोबीही बाहेर पडला. काकीची मान मात्र वळली की नाही, हे काकांना सांगता येत नव्हतं. ते बघायला लागले की ती डोळे मिटायची.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात बोंबील तळत होते. काकीची खुर्ची तिरकी झाली होती, पायाने रेटत रेटत तिने स्वतःच वळवलेली. गोबीने घरबांधणी काढली होती. दगडाखालची वाळू तोंडात भरून आणायचा आणि काचेपाशी थुंकायचा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. समोर ढीग लागला होता. काकी त्याच्याकडे रागाने बघत होती, ओठ हलत होते.

"ए..." ती म्हणाली. थांबली. चेहरा लाल झाला. "ए मेल्या... कच... कचरा... दारान टाकतंस?"

मी उंबऱ्यातच थबकले. काकीने मला पाहिलं, डावा हात गोबीकडे केला आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "याला... कुनी... आनला?"

मी स्वयंपाकघराकडे वळले. काकांनी मला तिथूनच हात दाखवला, बोलू नको. बाहेर ते आलेच नाहीत. हातातला झारा तसाच धरून त्यांनी गॅस बंद केला. तव्यावरची चरचर हळूहळू विझली, घर शांत झालं, आणि काकीचा पुढचा शब्द ऐकायला काका भिंतीला टेकून उभे राहिले.