एकोणीसचा पाना

मल्लिनाथआण्णा पंख्याखाली बसत नाहीत. मे महिन्यात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना ते आमच्या घरी येतात, आधी वर बघतात, मग खुर्ची उचलून भिंतीकडेला नेतात आणि तिथे घाम पुसत बसतात. "आण्णा, इकडे या की, वारा लागेल," असं माझी बायको सुनंदा एकदा म्हणाली.

"वारा लागंल पोरी. पण वरचा त्यो नट कुणी आवळलाय? तू आवळलाईस का? तुझ्या ह्या दिलीपनं आवळलाय का? कुणीबी न्हाय. मग त्यो पंखा कुणाच्या भरवशावर फिरालाय?"

आम्ही तिघंही वर बघत राहिलो. त्या दिवसापासून मीसुद्धा जेवताना ताट जरा कडेला घेतो. आण्णांची भीती अशी लागट आहे. ती त्यांना होते आणि अंगावर आपल्या उठते.

वय पंच्याहत्तरच्या पुढे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी आणि दुसऱ्यांच्या खिशात रुमाल असावा तसा यांच्या खिशात पाना. सगळा जन्म गिरणीत फिटर म्हणून गेला. गिरणी बंद पडली, बायको गेली, मुलगा हैदराबादला स्थिरावला. आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत शेवटच्या घरात आण्णा एकटे राहतात. स्वतःची म्हणाल तर सायकलसुद्धा नाही. पण गल्लीतल्या यच्चयावत स्कूटर आणि मोटारसायकली सकाळी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. लोक भेटल्यावर "चहा झाला का" विचारतात, आण्णा विचारतात, "आवळलं का?"

एकदा पुतण्याच्या लग्नाला सांगोल्याला जायचं होतं. एसटी फलाटाला लागली, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागले आणि आण्णा बसभोवती फिरत एकेका चाकाच्या नटावर पान्याने टकटक करून कान लावू लागले. कंडक्टर म्हणाला, "ओ आजोबा, बसायचंय का बस पास करायचीय?" आण्णा म्हणाले, "तिसरा नट बद्द वाजालाय." तिसरा नट ठणठणीत होता, पण सहा प्रवासी उतरून मागच्या बसने आले. गड्ड्याच्या जत्रेत तर त्यांनी आकाशपाळण्याच्या रांगेत उभं राहून पाळणेवाल्याला फक्त एवढंच विचारलं होतं, "शेवटचं कवा आवळलंय?" रांग निम्मी झाली. आता जत्रेत आण्णा दिसले की तो पाळणेवाला स्वतःहून त्यांना उसाचा रस पाजून दुसरीकडे नेतो.

पान्यांच्या बाबतीत मात्र हा माणूस भित्रा नाही, धर्मगुरू आहे. गिरणीत सगळा हिशेब इंचाचा आणि सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा. ते जुने पाने आण्णांनी तेल लावून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत, त्यांना हात लावू देत नाहीत. "साडेचार सुताचा पाना चौदा एमएमच्या नटाला बसल्यागत वाटतो. बसत न्हाय. अर्ध्या केसाची फट ऱ्हाते. मानसाला वाटतं आवळलं, आन् नटाचे कान गोल होतात. आजकालच्या गाडीला एमएमचाच पाना पायजे, त्यो बी रिंगचा." आणि माझ्याकडचा, सरकवून लहानमोठा करायचा पाना बघून ते म्हणाले होते, "फेकून दे. समद्यांना बसतो त्यो कुणाचाच न्हाय."

माझी मुलगी पल्लवी कॉलेजात गेली आणि तिने स्कूटर मागितली तेव्हा या सगळ्या गमतीतली गंमत संपली. कॉलेज केगावच्याही पुढे, पुणे रस्त्याला. कारखाने सुरू झाले की तो रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. मी मुळातच हातभर भित्रा, त्यात शेजारी आण्णा. स्कूटर घरी आली त्या दिवशी सुनंदाने नारळ फोडला, आणि आण्णांनी उकिडवं बसून पुढच्या चाकाचा एकोणीस एमएमचा नट आवळला. मग विभूतीची वडी पाण्यात बुडवून नटावरून वरच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रोज सकाळी ते गल्लीतल्या प्रत्येक गाडीचा नट पान्याला ठोका देऊन सोडवतात, पुसून नव्याने आवळतात आणि अशीच ताजी रेघ ओढतात. बायका त्या रेघेला हात लावून नमस्कार करतात. मीही मनातल्या मनात करायचो.

गेल्या दिवाळीनंतर आण्णा पान्यांवर चिडायला लागले. "ह्यो बी ढिला निघाला. हल्ली लोखंडच ऱ्हायलं न्हाय." दोन महिन्यांत त्यांनी एकोणीसचे तीन पाने बदलले. आम्ही हसलो. मग एका सकाळी आण्णा पुढच्या घरी गेल्यावर मी पल्लवीच्या स्कूटरचा आरसा पुसत होतो आणि सहज म्हणून त्या नटाला हात लावला.

नट बोटांनी फिरला.

पल्लवी आत वेणी घालत होती. ती आणखी पाच मिनिटांत त्या गाडीवर बसून ट्रॉल्यांच्या मधून जाणार होती. मी घरात पळत गेलो, तो फेकून न दिलेला पाना आणला आणि दोन्ही हातांनी नट आवळला. पाने ढिले नव्हते, आण्णांच्या मनगटातलं बळ गेलं होतं, आणि ते त्यांना कळत नव्हतं.

सांगायला हवं होतं. सुनंदाही म्हणाली, "सांगून टाका एकदाचं." पण कुठल्या तोंडाने सांगणार? ज्या माणसाचा जगात फक्त स्वतःच्या आवळण्यावर विश्वास आहे, त्याला तेच गेलं म्हणून सांगायचं? मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. रोज सकाळी आण्णा वळले की मी गुपचूप बाहेर यायचो आणि नट पुन्हा आवळायचो. पल्लवीचा झाला की शेजारच्या कुलकर्ण्यांचा, मग पलीकडच्या शिक्षिकाबाईंचा. बाईंच्या नवऱ्याने एकदा मला त्यांच्या गाडीखाली वाकलेला पकडला, तेव्हा मी चप्पल शोधतोय म्हणालो. ऑफिसात बसलो तरी डोक्यात नटच. एखादा नट राहिला तर? एखाद्या दिवशी मलाच उठायला उशीर झाला तर?

परवा आण्णा म्हणाले, "दिलीपा, चल माझ्यासंगं. चौथा पाना घिऊ. लांब दांड्याचा."

मंगळवार पेठेत रफिकभाईंच्या दुकानात आम्ही गेलो. आण्णांनी सात पाने उजेडात धरून पाहिले, वास घेतला, एकमेकांवर वाजवले. रफिकभाई वैतागून म्हणाले, "चाचा, पाना लेरे की दामाद ढूंडरे?" काउंटरच्या कडेला लोखंडी पकडीत एक बोल्ट होता, गिऱ्हाइकाला पाना तपासून बघायला. आण्णांनी त्यावर नट चढवला, पाना लावला, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत जोर केला आणि म्हणाले, "बास. आता हत्ती आला तरी सुटत न्हाय."

रफिकभाईंनी सवयीने हात पुढे केला आणि दोन बोटांनी नट फिरवून काढला.

मग त्यांच्या लक्षात आलं. ते माझ्याकडे बघायला लागले, मी मोळ्यांच्या डब्यांकडे. "चाचा, ये पीसच खराब है," ते घाईघाईने म्हणाले, "दूसरा देतूं."

आण्णांनी त्यांच्या हातातून नट घेतला आणि पुन्हा बोल्टवर चढवून ठेवला. "पाना चांगला हाय, रफिक," ते म्हणाले. "बांध."

परतताना ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीच्या नटांना हात न लावता पाय टाकला होता. माझा शर्ट त्यांनी दोन्ही मुठींत धरला होता.

"तू माझ्या मागनं आवळतोस. म्हाईत हाय मला," ते सिग्नलला म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"रेघेनं. ती काय देवासाठी न्हाय ओढत मी. गिरणीतली खूण हाय ती. नट ढिला झाला तर रेघ डावीकडं तुटती. संध्याकाळी गाड्या येतात तवा मी बघतो. तीन महिने झालं, समद्या रेघा उजवीकडं तुटालेत. कुणीतरी पाव आटा जादा आवळालंय."

"मग आण्णा, बोलला का नाही?"

सिग्नल सुटला. मला वाटलं आवाजात त्यांचं उत्तर हरवलं. मग ते माझ्या कानाशी म्हणाले, "बोललो असतो तर तू म्हटला असतास, आण्णा, उद्यापास्नं येऊ नका. सकाळी उठून मी कुटं जाऊ?"

मी गाडी हळू केली. डोळ्यांत पाणी असताना गाडी चालवू नये, एवढं मला आण्णांनीच शिकवलं आहे.

दुसऱ्या दिवशी सहाला मीच त्यांच्या दारावर थाप मारली. आम्ही दोघं पल्लवीच्या स्कूटरपाशी बसलो. पाना माझ्या हातात, माझ्या हातावर त्यांचा हात. "दांड्याच्या टोकाला धर. आजून. आजून थोडं. आता थांब, न्हाईतर आटे मरतील." त्यांना बळ नव्हतं, पण कुठे थांबायचं ते त्यांच्या हाताला अजून पक्कं कळत होतं. पल्लवी निघाली. आम्ही ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिलो.

"आण्णा, चला, सुनंदानं पोहे केलेत."

"थांब जरा," ते पायरीवर टेकले. "आजून भ्या वाटालंय."

"मलापण," मी म्हणालो आणि शेजारी बसलो. सुनंदाने पोह्यांच्या बशा बाहेर आणून ठेवल्या. आण्णांनी हात लावला नाही, म्हणून मीही लावला नाही. पोहे गार झाले. अर्ध्या तासाने फोन वाजला, पण माझा नाही. आण्णांनी बंडीच्या खिशातून बटणांचा छोटा फोन काढला, तो कानाला लावला, आणि त्यातून माझ्या मुलीचा आवाज मला पायरीवर स्पष्ट ऐकू आला. तिने मला असा फोन एकदाही केला नव्हता.

"पोचले, आण्णाआजोबा. खाऊन घ्या आता."