जंतूंचं सुतक

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बडोद्यातल्या गोत्री भागातल्या सोसायटीत आरतीचं ताट दिघेकाकांपुढे धरलं, तर ते दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "नको. मला सुतक आहे."

"अरेरे! कोण गेलं?"

"सगळेच."

एकटा माणूस. बायको मंदा मागेच गेलेली, मूलबाळ नाही. मग हे 'सगळे' आले कुठून? खोदून विचारलं तेव्हा कळलं, काकांचे जंतू मेले होते.

बडोद्यापासून बसने तासाभरावर एक लहानसं गाव आहे. तिथे गटाराचं पाणी शुद्ध करतात, त्या टाकीवर काका नोकरीला. घाण खाणारे जंतू टाकीत वाढवायचे, यंत्राने त्यांना सतत हवा द्यायची, म्हणजे पाणी निवळतं. मग ते नदीत सोडायचं. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. टाकी नवी होती तेव्हा जंतू धरावेत म्हणून काकांनी आमच्या जिन्यात घरोघर गूळ मागितला होता. शेणही लागतं म्हणे, पण ते सुदैवाने गावातच मिळालं.

जगातल्या प्रत्येक दुखण्याचं काकांचं निदान एकच: "हवा कमी पडतेय." माझा मुलगा गणितात नापास झाला, तेव्हाही हेच. पटेलांच्या भिंतीला ओल आली, तेव्हाही हेच.

आणि त्यांच्याच टाकीची हवा गेली. विजेचं बिल फार येतं म्हणून पालिकेने यंत्र बंद केलं. तपासणीला साहेब येणार असले की तेवढ्यापुरतं चालू. काका विनवायला गेले, तर अधिकारी हसून म्हणाला, "काका, गटरनुं पाणी छे, कोने पीवुं छे? चालशे." कुणाला प्यायचंय, चालेल म्हणे! नदीकाठच्या खालच्या वस्तीत ते पाणी गुरं पितात, बायका त्यात कपडे धुतात. त्यांना कोण विचारतो! टाकी काळी पडली, गावाने नाकाला पदर लावले आणि शिव्या खाल्ल्या काकांनी. मला त्या 'चालशे'चा मनस्वी संताप येतो.

सोसायटीला मात्र आयतीच करमणूक झाली. "तेराव्याला पानं किती?" असं लोक त्यांना तोंडावर विचारत होते. मीही हसलो. माझी बायको हसली नाही. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात द्यायचा, एवढं तिला ठाऊक. तिने डबा भरला. "अहो, वर देऊन या."

काकांनी डबा उघडून पाहिला.

"मंदा गेली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते," ते म्हणाले. "पिठलं कुणी आणलं नाही. प्रत्येकाला वाटलं असेल, दुसरा देईल. मी पाव खाल्ला."

काका चार घास जेवले. उरलेला भात त्यांनी दुसऱ्या डब्यात काढला.

"हा उद्या टाकीत घालतो. एखादा जिवंत असला तर उपाशी नको."

"पण काका, हवा?"

त्यांनी गॅलरीकडे बोट केलं. तिथे एक लांब बांबू उभा होता.

"गणपतीच्या मांडवाचा उरला होता, मागून घेतला," काका म्हणाले. "ढवळीन. हात पोचेल तिथपर्यंत."