तळघरातली निळी ज्योत

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या इमारतीतल्या सोळाच्या सोळा बिऱ्हाडांना कळायचं, की अमेरिकेतल्या एका तळघरातली ज्योत निळी आहे.

हे कळवण्याचं काम तळमजल्यावरचे लांजेवार करत. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोनवर ओरडून बोलायचे. शिवाय शिकागो लांब आहे, हेही त्यांच्या मनात असावं. "फ्लेम कशी आहे? निळी? पिवळं टोक नाही ना दिसून राहिलं? फिल्टर बदलला? बाहेरच्या नळीसमोर बर्फ साचलं का, ते पाह्यलं काय?" कोथरूडात थंडी पडली तर माणसं स्वेटर घालतात आणि आणखी पडली तर त्याबद्दल बोलतात. घर गरम करायचं यंत्र आमच्यापैकी कुणी चित्रातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण ते कसं चालवावं, हे आमच्या इमारतीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

लांजेवार मूळचे भंडाऱ्याकडचे. खडकीच्या बाजूला लोखंडी कपाटं बनवणारा एक कारखाना होता, तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कपाटांना दिलेला रंग पावसाळ्यात वाळत नसे, म्हणून तिथल्या शेडमध्ये डिझेलवर चालणारं, गरम हवा सोडणारं एक मोठं यंत्र होतं. लांजेवार त्या यंत्राचे चालक. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावत नसत, असं ते सांगत. मला हे खरं वाटतं, कारण मला माझ्याच स्वयंपाकघरातल्या गॅसला त्यांना विचारल्याशिवाय हात लावता येत नसे.

पहिल्यांदा चहाला आले तेव्हा ते बैठकीत बसलेच नाहीत. थेट आत गेले, खिडकी उघडली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, आधी हवा, मग आग." तिच्या हातात काडी पेटलेली होती. ती विझवायला लावून त्यांनी मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजले, मग परवानगी दिली. ज्योत पाहून "पिवळी मारून राहिली जी, बर्नर घासा," असं सुनावलं आणि त्याच बर्नरवरचा चहा दोन कप प्यायले. ते गेल्यावर बायको म्हणाली, "सत्यनारायणाला यांना बोलवायचं नाही. उदबत्ती लावून देणार नाहीत."

त्यांचे तीन नियम होते. कारखान्याच्या भिंतीवर ते त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले होते म्हणे. आधी हवा, मग आग, हा पहिला. दोनदा बटन दाबून पेटलं नाही तर तिसऱ्यांदा दाबायचं नाही, कारण न जळलेलं तेल आत साठलेलं असतं आणि मग पेटतं ते एकदम. हा दुसरा. तिसरा नियम त्यांना सगळ्यांत प्यारा. आग बंद केली म्हणून पंखा बंद करायचा नाही. आतला पत्रा अजून लाल असतो. तो निवेपर्यंत पंखा चालू ठेवायचा, नाहीतर पत्रा तडकतो. मग पुढच्या वेळी धूर माणसांत येतो आणि त्याचा कुणाला वाससुद्धा येत नाही.

बाजार खुला झाला, शोरूममधून चकचकीत फर्निचर यायला लागलं आणि लोखंडी कपाटांचा कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी सगळ्यांना हार घातले, फाटकासमोर फोटो काढला. त्या फोटोत लांजेवार नाहीत. ते आत यंत्राजवळ बसून पंखा थांबायची वाट पाहत होते. त्या यंत्राचा भंगारवाल्याशी सौदा ठरलेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. "भंगारात जाईल, पण तडकून नाही जाणार," असं म्हणाले.

मुलगा प्रशांत कॉम्प्युटरमध्ये. तो हिंजवडीला नोकरीला लागला तेव्हा हे ऑफिस बघायला गेले आणि अस्वस्थ होऊन परतले. "सगळ्या भिंती काचेच्या, अन् खिडकी एकही उघडत नाही. काहून बांधली असंल अशी इमारत?" वर्षभरात प्रशांत शिकागोला गेला. त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. तिथल्या खिडक्या निदान उघडतात, असं त्याने कळवलं होतं.

तेव्हा फोनवर बोलायच्या त्या प्रशांतच्या आई, सुमनताई. काय खाल्लंस, कोण भेटलं, अंगावर काय पांघरतोस, सगळं त्याच विचारत. शेवटी रिसीव्हर लांजेवारांकडे यायचा. "बरं आहे?" "बरं आहे, बाबा." संपलं. बापलेकाचं भांडण नव्हतं. बोलायचं काम त्या घरात एकाच माणसाकडे होतं आणि बाकीचे दोघे त्यावर निर्धास्त होते, इतकंच.

सुमनताई अचानक गेल्या. दिवसवार करून प्रशांत परत गेला आणि रविवारचे फोन सुरू झाले. ते दिवस मला आठवतात. आठ वाजता घंटी वाजायची, लांजेवार ओरडायचे, "बरं आहे?" आणि मग आम्ही सगळे जण आपापल्या घरात चहाचे कप धरून पुढच्या वाक्याची वाट बघायचो. ते यायचंच नाही. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज यायचा. पुढे एका रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. लांजेवार मात्र साडेसातपासून अंघोळ करून फोनजवळ बसलेले असत. हा धागा तुटतोय, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि शेजाऱ्यांना त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

मी एकदा म्हणालो, "अहो, त्याला परत ये म्हणा की."

"दोनदा बटन दाबलं जी," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा दाबायचं नसते."

मग थंडी पडली, तिकडची. एका रविवारी फोन आला आणि प्रशांत सहज बोलून गेला, की तळघरातलं गरम हवेचं यंत्र सुरू होताना 'धप्प' असा आवाज करतं. लांजेवार ताडकन उभे राहिले असणार, कारण खुर्ची पडल्याचं आम्ही वर ऐकलं. "बंद कर! आत्ताच्या आत्ता! खिडक्या उघड! तू हात नको लावू, माहीतगार माणूस बोलव! तोवर तिथं झोपू नको, मित्राकडं जा!" मेकॅनिक येऊन गेल्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तोवर ते फोनजवळून हलले नाहीत. माझ्या बायकोने तिथेच जेवण नेऊन दिलं. बर्नर काजळीने भरला होता, वेळेवर बोलावलंत, असं तो मेकॅनिक म्हणाला होता.

तेव्हापासून दर रविवारी यंत्राची हजेरी सुरू झाली. लांजेवारांनी कारखान्यातल्यासारखं रजिस्टर आखलं. ज्योत, फिल्टर, नळी, पंखा. शेवटी ते प्रशांतला फोन यंत्राजवळ धरायला लावत आणि डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत. माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत नसे, पण पंखा येई. उन्हाळ्यात यंत्र बंद असलं तरी चौकशी चालूच. धूळ पुसली का? मिनिटभर पेटवून ज्योत पाहिली का, पंखा ऐकला का? जवळपास खोकी रचली नाहीत ना?

चार वर्षं अशी गेली. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि प्रशांत पंधरा दिवसांसाठी आला. आल्याआल्या लांजेवारांनी विचारलं, "मशीन नीट बंद करून आला ना?" "हो बाबा." यापलीकडे दोघं समोरासमोर फारसं काही बोलले नाहीत. फोनवर बरे बोलायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रशांत मला गच्चीवर भेटला.

"काका, एक सांगू? मी शिकागो सोडून दीड वर्ष झालं. आता जिथे राहतो, तिथे बारा महिने आपल्यासारखीच हवा असते. घरात हीटर नाहीच."

"मग पंख्याचा आवाज?"

तो ओशाळला. "हेअर ड्रायर धरतो."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. "अहो, मशीन नाही म्हणून सांगितलं, तर पुढच्या रविवारी आम्ही बोलायचं काय?" तो म्हणाला. "त्यांना सांगू नका, काका. प्लीज."

पुणेकराला गुप्त गोष्ट सांगणं हा छळ आहे. तरी मी बायकोलाही बोललो नाही.

प्रशांत गेला. त्यानंतरच्या रविवारी पावणेआठलाच लांजेवारांनी मला खाली बोलावलं. डोळ्यांवर काळा चष्मा होता, डॉक्टरांनी लिहायला-वाचायला मनाई केली होती. "मी सांगतो, तुम्ही लिहा," म्हणून त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

फोनला वेळ होता, म्हणून मी मागची पानं चाळली. पंख्याच्या रकान्यात रविवारमागून रविवार एकच नोंद होती. 'आवाज जड. चांगला.' मग दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी, त्याच ठसठशीत अक्षरात, 'आवाज बारीक. केस वाळवायचं यंत्र.' त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सगळी पानं तेच. आणि त्याच ओळीत, ज्योतीच्या रकान्यात, एकदाही न चुकता 'निळी'.

पान उलटल्याचा आवाज थांबला, हे त्यांना कसं कळलं देव जाणे.

"वाचलं काय?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सव्वीस वर्षं पंख्याजवळ बसलो जी मी. पोरगा मले ड्रायर ऐकवून राहिला." ते थोडे हसले. "रविवारी रात्रीचं जेवण सोडून हातात धरून उभा राहत असंल बिचारा."

तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

"मग तुम्ही त्याला सांगत का नाही?"

त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे, म्हणजे साधारण माझ्या दिशेला, पाहिलं. कारखान्याच्या भिंतीवरचा तिसरा नियम मला पाठ आहे की नाही, हे बघत असावेत.

"सुमन गेली, आग तेव्हाच बंद झाली जी या घरातली," ते म्हणाले. "पत्रा गरम आहे अजून. त्याचाही अन् माझाही."

तेवढ्यात घंटी वाजली. लांजेवारांनी सदऱ्याची बटणं चाचपली, रिसीव्हर उचलला आणि सोळा बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फ्लेम कशी आहे?" पलीकडचं उत्तर ऐकलं. मग डोळे मिटून बराच वेळ तो बारीक आवाज ऐकला.

"लिहा," रिसीव्हरवर हात ठेवून ते मला म्हणाले. "ज्योत निळी. पंखा चालू."

मी लिहिलं.