साडेसहाचा मामा

आमच्या रस्त्यावर मला नाव नाही. मी 'प्लस दोन अक्का' आहे. माझ्या दवाखान्याशेजारी ज्यांचं चष्म्याचं दुकान आहे ते अण्णा मला अशी हाक मारतात, आणि त्यांचं ऐकून भाजीवाली, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा शहाळीवालाही. दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे, त्याखाली 'फिजिओथेरपिस्ट' असंही आहे. पाटी कोणी वाचत नाही.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी प्लस दीड होते. नवा नंबर निघाला त्याच संध्याकाळी मी कोथिंबिरीची जुडी निवडत उभी असताना अण्णा पायरीवरून म्हणाले, "प्लस दोन अक्का, तुमचा चष्मा उद्या मिळेल." भाजीवालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं वजन वाढल्याची बातमी असावी, तशी.

अण्णांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. समोरच्या बँकेतले 'मायनस चार', देवळातले 'दोन्ही डोळे वेगळे' भटजी. नंबर पाव अंशानं बदलला की नावही बदलतं, तिथल्या तिथे. या बाबतीत त्यांनी कधी कुणाची गय केली नाही. त्यांचा स्वतःचा नंबर मायनस अकरा. चष्मा काढला तर समोरचा माणूस आहे की कपाट, ते त्यांना हलल्यावर कळतं.

अण्णांचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षं आहे म्हणे. मी पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन साताऱ्याहून बनशंकरीत आले. त्यामुळे खरं मराठी कुणाचं यावर आमचा कायमचा वाद आहे. ते 'थोडं'ऐवजी 'स्वल्प वर बघा' म्हणतात, 'बरं'ऐवजी 'सरी अक्का' म्हणतात, आणि मी हटकलं तर "हेच जुनं मराठी, तुमच्याकडे बिघडलं" असं सांगतात.

पण त्यांचं खरं वाक्य वेगळंच. डोळे तपासताना ते नाकावर ती जड चौकट ठेवतात, एक काच घालतात, काढतात, दुसरी घालतात आणि विचारतात, "पहिलं बरं, की दुसरं?" चाळीस वर्षं दिवसातून दोनशे वेळा हे विचारल्यावर ते अंगात मुरणारच. कॉफी मागवली तर दोन पेले समोर ठेवून विचारतील, "पहिली बरी, की दुसरी?" दोन्ही एकाच किटलीतल्या असतात. मान धरली म्हणून माझ्याकडे आले, मी त्यांची मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे वळवली, तर टेबलावर पालथे पडलेले असताना मलाच म्हणाले, "दुसरं बरं."

लग्न राहिलं तेही यातच. तरुणपणी दोन मुली पाहिल्या होत्या. पहिली बरी की दुसरी, हे ठरेपर्यंत दोघींची लग्नं झाली, आणि पहिलीच्या मुलाचा पहिला चष्मा अण्णांनीच केला. हे ते हसत सांगतात. मुलगा मायनस दोन होता म्हणे.

तर या माणसाची एक भाची आहे, रेवती. हुबळीच्या बहिणीची मुलगी. सात वर्षांची असताना सुट्टीत मामाकडे आली आणि टीव्हीला नाक लावून बसली. मामानं उचलून तपासणीच्या खुर्चीत बसवलं. निघाला मायनस दीड. तेव्हापासून ती 'दीड'. मग 'अडीच' झाली, दहावीला 'चार' झाली. इतर मामा दाराच्या चौकटीवर भाच्यांची उंची खुणा करून ठेवतात. अण्णांना तिची वाढ चष्म्याच्या काचेत दिसायची. कॉलेजला ती बंगळुरात आली, सहा वर्षं मामाच्याच घरी राहिली आणि 'साडेसहा' झाली. त्यांनी तिला रेवती म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ती एचएसआर लेआउटला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. ऑफिस तिकडे, आणि मधे सिल्क बोर्डचा सिग्नल. तिथे रोज दोन तास घालवायचे, तर माणसानं तिथेच संसार मांडावा. मी असते तर पहिल्या महिन्यात गेले असते. अण्णा "सरी" म्हणाले आणि तिच्या खोलीत चौकटींचे जुने खोके नेऊन ठेवले.

त्यानंतर ती मुख्यतः दसऱ्याला यायची. आमच्याकडे आयुधपूजेला सगळी हत्यारं पुसून त्यांना कुंकू लावतात, दुकानासमोर कोहळा फोडतात. अण्णा काचांच्या पेटीला झेंडू वाहतात आणि पेचकसाला हळद-कुंकू. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, त्या हत्यारांनी पहिले डोळे तपासायचे ते साडेसहाचे. हा नियम. तपासून झालं की अण्णा वहीत नोंद करत आणि म्हणत, "स्वल्प बदललाय." मग नवा चष्मा. त्यासाठी आणखी दोन खेपा. एक चष्मा न्यायला, एक तो कानावर नीट बसतो की नाही ते दाखवायला.

दोन वर्षं झाली या गोष्टीला. दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी रेवती सरळ माझ्या दवाखान्यात शिरली. मी एका सॉफ्टवेअरवाल्याचा खांदा वर करत होते.

"काकू, मला लेझर करून घ्यायचंय. चष्म्याला कंटाळले मी. हेल्मेटमध्ये वाफ धरते, पोहायला जावं तर पाण्याचा काठ दिसत नाही. तीन वर्षं मामा म्हणतोय, नंबर स्थिर झाला की कर. तो होतच नाही. म्हणून मीच हॉस्पिटलला जाऊन आले."

"मग?"

"कॉर्नियाची जाडी चांगली आहे, सगळं चांगलं आहे. पण डॉक्टरांनी विचारलं, वर्षभरात नंबर बदलला का? मी म्हटलं, दरवर्षी थोडा बदलतो. त्या म्हणाल्या, मग आत्ता नाही करता येणार. किमान वर्षभर स्थिर हवा. जुने कागद असतील तर आणा, बघू. मामाकडे वही मागितली तर म्हणतो, उंदरानं खाल्ली."

सॉफ्टवेअरवाल्याचा खांदा मी तसाच धरून ठेवला. अण्णांच्या दुकानात उंदीर शिरला तर आधी त्याचा नंबर काढतील.

"रेवती," मी म्हटलं, "मामा तुला साडेसहा कधीपासून म्हणतात?"

"नोकरी लागली तेव्हापासून."

"आत्ता वही मागितलीस तेव्हा काय म्हणाले?"

"म्हणाला, साडेसहा, उंदरानं..." ती थांबली. पण तिच्या डोक्यात पोचलेलं दिसलं नाही. ती घड्याळ बघत निघून गेली. सिल्क बोर्ड गाठायचा होता.

माझ्या मात्र डोक्यात पोचलं होतं. मी पाव अंशानं बदलले तर अख्ख्या बाजाराला कळतं, आणि ही चार वर्षं 'स्वल्प बदलत' असूनही साडेसहाचीच? खांदा खाली ठेवला आणि शेजारी गेले.

अण्णा एका चष्म्याची दांडी गरम करून वाकवत होते. मी आडून बोलत नाही. "अण्णा, मुलीचा नंबर चार वर्षं हललेला नाही. खरं की खोटं?"

"बसा अक्का. कॉफी..."

"एकच मागवा."

त्यांनी दांडी ठेवली. "डोळ्याच्या आत जाऊ नये, अक्का. आपण बाहेरून काच लावावी. ती म्हणते, मामा, यात ब्लेड नसतं. ब्लेड नाही, पण कापतात. म्हणजे चोर आला नाही, नुसतं सामान गेलं."

"चोर नाही, लेझर. आणि ते तुम्ही सोडा. वही कुठाय?"

बराच वेळ ते काच पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती. मग काचांच्या पेटीखालून त्यांनी लाल कापडी वही काढली. रेवतीसाठी वेगळी, सातव्या वर्षापासूनची. शेवटच्या पानावर चार विजयादशम्या. चारही ओळींत उजवा साडेसहा, डावा साडेसहा. एका अक्षराचा फरक नाही.

"लिहिलंय खरं," मी म्हटलं.

"वहीत खोटं कसं लिहिणार?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "काचाही बरोबर नंबरच्याच दिल्या. नुसतं तोंडानं म्हटलं, स्वल्प बदललाय."

"कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फिजिओथेरपीच्या कॉलेजात हे साधं शिकवलंच नव्हतं.

"नंबर बदलला नाही, तर माणूस चष्मेवाल्याकडे येईल कशाला?"

कॉफी आली. एकच. मी ती त्यांच्याकडे सरकवली.

"हे बघा अण्णा. ही वही दिली तर तिला तुमचं खोटं कळेल. नाही दिली तर ती अजून एक वर्ष थांबेल, मग अजून एक. पहिलं बरं, की दुसरं?"

माझ्या समजुतीप्रमाणे अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं. वही माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच द्या. मात्र सांगू नका तिला."

"मी नाही सांगणार. वही सांगेल."

तिला मी हॉस्पिटलच्या दारातच वही दिली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून तिनं ती पहिल्या पानापासून वाचली. शेवटच्या पानावर पोचली, तिथे बोट ठेवून बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिनं घेतली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मामाचं अक्षर किती चांगलंय."

आत डॉक्टर म्हणाल्या, "चार वर्षं स्थिर आहे की. आधी का नाही आलात?"

"घरचे तयार नव्हते," रेवती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी घरचे माझ्या आधी हजर होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेचकस. वेटिंग हॉलमध्ये अण्णांना स्वर्ग दिसला असावा. इतके जाड चष्मे एकाच खोलीत. येणाऱ्याच्या काचेची कड बघून ते माझ्या कानात सांगत, "मायनस आठ. बिचारा." थोड्या वेळानं त्यांना राहवेना. एका मुलाची दांडी लुळी होती. "कोडी इल्ली," म्हणून त्यांनी चष्मा मागून घेतला आणि स्क्रू घट्ट केला. अर्ध्या तासात ज्यांचे चष्मे कायमचे सुटणार होते अशा तिघांचे स्क्रू अण्णांनी आवळून दिले. नर्सचाही एक.

मग रेवतीचं नाव पुकारलं. तिनं चष्मा काढून मामाच्या हातात दिला आणि भिंतीला हात लावत आत गेली.

त्या हॉलमध्ये पडद्यावर आतलं ऑपरेशन दाखवतात. भलंमोठं बुबुळ, त्यावर हिरवा ठिपका. खरोखर पातं नाही, रक्त नाही. मी बघत होते, मला असल्या गोष्टी आवडतात. "अण्णा, बघा तरी, किती सफाईनं चाललंय."

"बघतोय," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते पडद्याकडे तोंड करून ताठ बसले होते, डोळे सताड उघडे. आणि मांडीवर दोन चष्मे होते. एक तिचा, एक त्यांचा.

पंधरा-वीस मिनिटांत ती काळा गॉगल लावून बाहेर आली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तसं येतं म्हणाले. दुसऱ्या दिवशी तपासणीत तिनं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. डॉक्टर म्हणाल्या, "नंबर शून्य." अण्णा माझ्याकडे वळले. "शून्य अशी कुणाला हाक मारायची का, अक्का?" मी म्हटलं, तिला नाव आहे. त्यांनी घसा साफ केला आणि कॉरिडॉरमध्ये पुढे गेलेल्या मुलीला हाक मारली, "रेवती."

तिनं मागे पाहिलंच नाही. त्या आवाजातून ते नाव येईल, हे तिला कसं कळावं?

"साडेसहा," अण्णा म्हणाले. ती वळली.

पुढच्या वर्षभरात ती आली, गेली, जसं जमेल तसं. अण्णांनी काही विचारलं नाही, तिनं वहीचा विषय काढला नाही. वही मात्र परत पेटीखाली गेली. दसरा जवळ आला तसे अण्णा कामात चुकायला लागले. मला प्लस दीड म्हणाले, तेही दोनदा. आयुधपूजेला झेंडू वाहिले, कोहळा फोडला. विजयादशमीला सकाळी दुकान उघडून ते पायरीवर उभे राहिले आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज गिऱ्हाईक नाही. बंद करावं म्हणतो."

साडेदहाला रिक्षा थांबली. रेवती उतरली, आत गेली आणि तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसली. मीही गेले, मला कुंकवाचं ताट परत द्यायचं होतं.

"काय गं?" अण्णा म्हणाले.

"दसरा नाही का? तपास."

त्यांनी तिच्या नाकावर ती जड चौकट ठेवली. पेटीकडे हात नेला, थांबवला. एकही काच न उचलता त्यांनी बोटं चौकटीजवळ नेली, मागे घेतली, पुन्हा नेली.

"पहिलं बरं, की दुसरं?"

तिनं तक्त्याकडे नीट पाहिलं. विचार केला.

"दुसरं," ती म्हणाली. "स्वल्प बदललाय, मामा."

अण्णांनी तिची चौकट काढली. पेटीखालून वही काढली, तारीख घातली आणि पुढे काय लिहावं या विचारात पेन धरून उभे राहिले.

"म्हणजे परत यावं लागणार तुला," ते वहीकडे बघतच म्हणाले.

"दोन खेपा तरी," ती म्हणाली.

माझा एक पेशंट कंबर धरून बाहेर उभा होता. मी ताट ठेवलं आणि निघाले.